पाय मोडलेले अनेकवचन: फ्रेंच क्रियापदांच्या अक्षरविभागणीचे एक प्रकरण

पुण्यातील एका माध्यमिक शाळेतून संस्कृत आणि मराठीचे शिक्षक म्हणून निवृत्त झालेले, वयाची पंचाहत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ माझ्याकडे फ्रेंच शिकण्यासाठी आले, तेव्हा त्यांची गरज अगदी नेमकी होती. मुलगी आणि जावई तुलूझला राहतात, उन्हाळ्यात तीन महिने तिकडे जायचे आहे, आणि शेजाऱ्यांशी व दुकानदारांशी दोन वाक्ये तरी स्वतःच्या तोंडाने बोलायची आहेत, एवढेच त्यांचे म्हणणे होते. परीक्षा द्यायची नव्हती. ओळख पटू नये म्हणून त्यांच्याविषयीचे इतर तपशील येथे गाळले आहेत, आणि वर्गात मी त्यांना जशी हाक मारीत असे तसाच त्यांचा उल्लेख ‘सर’ असा करते. वयाने मी त्यांच्या मुलीएवढी, तरी ते मला कटाक्षाने ‘मॅडम’ आणि ‘तुम्ही’ म्हणत.

पहिले पाच-सहा आठवडे उत्तम गेले. व्याकरणाची चौकट त्यांना संस्कृतमुळे उपजतच होती. तीन पुरुष, दोन वचने, धातू आणि प्रत्यय यांची नव्याने ओळख करून द्यावी लागली नाही. अडचण उघडी पडली ती मी लिहून दिलेला एक छोटा उतारा त्यांनी मोठ्याने वाचला तेव्हा. उताऱ्यात शेजारच्या कुटुंबाचा दिनक्रम होता. ते काम करतात, लवकर उठतात, मेट्रो पकडतात, संध्याकाळी परततात, जेवतात, मुले शाळा संपवतात आणि आईवडिलांची वाट पाहतात. तृतीयपुरुषी अनेकवचनाची सात क्रियापदे होती आणि सातही चुकली. चूक मात्र शिस्तबद्ध होती. ‘त्राव्हाय्’ऐवजी ‘त्रा-व्हाय-यां’, ‘लेव्ह्’ऐवजी ‘ले-व्हां’, ‘प्रेन्’ऐवजी ‘प्रेन-नां’, ‘रांत्र्’ऐवजी ‘रां-त्रां’, ‘दीन्’ऐवजी ‘दी-नां’, ‘फि-निस्’ऐवजी ‘फि-नि-सां’, ‘आ-तांद्’ऐवजी ‘आ-तां-दां’. प्रत्येक रूपाला एक अक्षर जास्तीचे, आणि ते प्रत्येक वेळी शेवटीच.

येथे ‘अक्षर’ हा शब्द मी उच्चाराच्या अर्थाने वापरते आहे, म्हणजे एका स्वराभोवती एका दमात उच्चारला जाणारा ध्वनींचा गट. कागदावरचे देवनागरी अक्षर ही वेगळी वस्तू आहे, आणि या प्रकरणातला निम्मा घोळ या दोहोंच्या गल्लतीतून झाला. तो घोळ मी घातला होता, हे पुढे येईलच.

सरांची वही पाहिल्यावर चुकीचे मूळ दिसले. प्रत्येक क्रियापदाखाली पेन्सिलीने उभ्या रेघा मारून त्यांनी तुकडे पाडले होते, आणि ते तुकडे लेखनाच्या नियमांप्रमाणे अगदी बरोबर होते. ओळीच्या शेवटी शब्द तोडताना फ्रेंच मुद्रणात जे नियम पाळतात तेच त्यांनी वापरले होते. दोन स्वरांमध्ये एकच व्यंजन असेल तर ते पुढच्या स्वराकडे जाते, दोन व्यंजने असतील तर एकेक वाटली जातात, जोडीतले दुसरे व्यंजन ‘ल’ किंवा ‘र’ असेल तर जोडी बहुधा फोडत नाहीत. या हिशेबाने ‘ते संपवतात’ या रूपाचे कागदावर तीन तुकडे पडतात, कारण त्यातील दोन ‘एस’ दोन बाजूंना जातात आणि शेवटी ‘ई-एन-टी’ असलेला एक तुकडा उरतो. कानाला मात्र तुकडे दोनच. ही तोड छापखान्यासाठी आहे. जिभेला ती बांधून घेत नाही.

दुसरे कारण शब्दसंग्रहाच्या क्रमात होते. ‘ई-एन-टी’ने संपणारे शब्द सरांना आधी भेटले ते क्रियाविशेषण, विशेषण आणि नाम या रूपांत. ‘वारंवार’ म्हणजे ‘सूव्हां’, ‘आनंदी’ म्हणजे ‘कोंतां’, ‘क्षण’ म्हणजे ‘मोमां’. तिथे शेवट ‘आं’ असाच होतो. एकदा बसलेला नियम त्यांनी क्रियापदांनाही लावला, आणि तर्काच्या दृष्टीने त्यात काहीच वावगे नव्हते. फ्रेंच शाळांत यासाठी एक जुने वाक्य प्रसिद्ध आहे, ‘मठातल्या कोंबड्या अंडी उबवतात’ अशा अर्थाचे: ‘ले पूल् द्यु कूव्हां कूव्ह्’. मठ आणि उबवतात हे दोन शब्द कागदावर अक्षरशः एकच आहेत. पहिल्याचा उच्चार दोन अक्षरांचा, दुसऱ्याचा एका अक्षराचा. वाक्य फळ्यावर लिहिल्यावर सर बराच वेळ हसत राहिले आणि मग म्हणाले, “म्हणजे आधी अन्वय लावायचा आणि मग उच्चार करायचा. वेदपाठशाळेत याच्या उलट शिकवतात.”

‘ई-एन-टी’ लिहितातच कशाला, हा प्रश्न त्यांच्याकडून येणारच होता. लॅटिनमध्ये ‘ते गातात’ यासाठी ‘कान्तान्त्’ असे रूप होते. शेवटचे ‘न्त्’ बोलण्यातून शतकानुशतके झिजत गेले, लेखनात मात्र ते अनेकवचनाची खूण म्हणून राहिले. फ्रेंच लेखन बदललेच नाही असेही नाही. अपूर्ण भूतकाळाची जी रूपे पूर्वी ‘ओ-आय’ने लिहीत ती ‘ए-आय’ने लिहिणे फ्रेंच अकादमीने आपल्या कोशाच्या 1835 च्या आवृत्तीत स्वीकारले, कारण उच्चार केव्हाच बदलला होता. त्या फेऱ्यातही ‘ई-एन-टी’ वाचले. टिकून राहण्याचे एक कारण सरांना त्याच दिवशी दिसले. ‘ते बोलतात का?’ असा प्रश्न क्रियापद आधी आणि सर्वनाम नंतर ठेवून विचारला, की झोपलेला ‘टी’ जागा होतो आणि ‘पार्-ल-तिल्’ असे ऐकू येते.

‘बोलणे’ या एका क्रियापदाचा वर्तमानकाळ फळ्यावर मांडला, तेव्हा पुरुष-वचनांच्या सहा घरांत कागदावर पाच वेगवेगळी रूपे होती आणि कानाला तीनच. मी, तू, तो आणि ते या चौघांसाठी ‘पार्ल्’, आपण यासाठी ‘पार्-लों’, तुम्ही यासाठी ‘पार्-ले’. संस्कृतच्या लकारांवर, म्हणजे काळ-अर्थांनुसार बदलणाऱ्या क्रियापदरूपांवर, वाढलेल्या माणसाला ही कंजुषी पटणे कठीण होते. “मग अनेकवचन ओळखायचे कसे?” या त्यांच्या प्रश्नाला मी थोडक्यात उत्तर देऊन पुढे सरकणार होते, पण त्या प्रश्नावर दोन तास गेले आणि ते सत्कारणी लागले.

पहिल्या गणातील, म्हणजे ‘ई-आर’ने संपणाऱ्या क्रियापदांत ते बहुधा ओळखता येतच नाही, संदर्भावरून कळते. अपवाद स्वराने सुरू होणाऱ्या क्रियापदांचा. ‘तो राहतो’ म्हणताना सर्वनामातला ‘ल’ पुढच्या स्वराला जाऊन चिकटतो आणि ‘इ-ला-बित्’ अशी तोड होते. ‘ते राहतात’ म्हणताना एरवी मुका असलेला ‘एस’ ‘ब्राझील’मधल्या झ-सारखा उमटतो आणि ‘इल्-झा-बित्’ असे ऐकू येते. अनेकवचनाची खूण क्रियापदाच्या शेपटाकडून निघून त्याच्या तोंडाशी आली आहे. उरलेल्या गणांत खूण बहुधा शेवटीच राहते, पण ती ‘आं’ नसून एक व्यंजन असते. तो संपवतो ‘फि-नी’, ते संपवतात ‘फि-निस्’. तो निघतो ‘पार्’, ते निघतात ‘पार्त्’. तो झोपतो ‘दोर्’, ते झोपतात ‘दोर्म्’. तो विकतो ‘व्हां’, ते विकतात ‘व्हांद्’. अक्षरांची संख्या दोन्ही वचनांत तीच, फक्त अनेकवचनात शेवटचे अक्षर व्यंजनाने बंद होते किंवा त्यात एक व्यंजन वाढते. म्हणजे सरांचे जास्तीचे ‘आं’ निव्वळ अनावश्यक नव्हते. अनेकवचनाची खरी खूण असलेले ते शेवटचे व्यंजन ‘आं’मुळे पुढच्या अक्षराच्या सुरुवातीला ढकलले जात होते, आणि ऐकणाऱ्याच्या हाती काहीच राहत नव्हते.

हे पटल्यावर ‘आं’ आठवडाभरात गेले. त्याच्या जागी दुसरी चूक आली, आणि ती सर्वस्वी माझी होती.

फ्रेंच ओळीखाली देवनागरीत उच्चार लिहून द्यायची मला सवय आहे. मी सरांच्या वहीत ‘पार्ल’, ‘रांत्र’, ‘मोंत्र’ असे लिहीत गेले होते, आणि मराठी वाचक त्यातला शेवटचा ‘अ’ आपोआप गिळेल असे मी गृहीत धरले होते. ‘राम’ आपण ‘राम्’ म्हणतो, ‘कमळ’ आपण ‘कमळ्’ म्हणतो, मग येथे काय अडचण? अडचण अशी, की शेवटी जोडाक्षर आले की मराठी माणूस ‘अ’ गिळत नाही. ‘धर्म’, ‘अर्थ’, ‘मित्र’ यांच्या शेवटी तो स्पष्ट उरतो. त्यामुळे ‘दीन’ त्यांनी ‘दीन्’ असे अगदी बरोबर वाचले, आणि ‘पार्ल’ मात्र ‘धर्म’च्या चालीवर ‘पार्-ल’ असे दोन अक्षरांत वाचले. चूक कोणत्या शब्दांत होते आणि कोणत्यांत होत नाही याची यादी केली, तेव्हा रेघ मारल्यासारखी विभागणी निघाली. जिथे शेवटी एक व्यंजन होते तिथे उच्चार शुद्ध, जिथे दोन होती तिथे एक अक्षर वाढलेले. दोष फ्रेंचचा नव्हता, मराठी वाचनाच्या नियमाचा होता, आणि तो नियम मीच त्यांच्यापुढे ठेवला होता.

दुरुस्ती सोपी निघाली. वहीतल्या अशा प्रत्येक शब्दाच्या शेवटच्या अक्षराचा पाय मोडायचा. सरांनी एका संध्याकाळी बसून लाल शाईने सगळे पाय मोडले आणि दुसऱ्या दिवशी वही पुढे करून म्हणाले, “इतकी मोडतोड मी नोकरीत कधी केली नव्हती.” वहीला आता तीन रकाने झाले. पहिल्यात फ्रेंच लेखन, दुसऱ्यात छापील तोड, तिसऱ्यात उच्चारी तोड. दुसरा रकाना मी काढून टाकायला सांगितला होता. त्यांनी तो ठेवला, आणि आता वाटते की ठेवला तेच बरे, कारण दुसरा आणि तिसरा रकाना शेजारी दिसल्याशिवाय त्यांतला फरक डोळ्यांत भरत नाही.

अनुस्वाराचा प्रश्न याच सुमारास सुटला. ‘आ-तांद्’ मी लिहिले की सर ‘आतान्द्’ वाचीत, कारण मराठीत त-वर्गातल्या व्यंजनापूर्वीचा अनुस्वार ‘न्’ होतो. ‘शांत’ म्हणजे ‘शान्त’. फ्रेंचमध्ये तिथे ‘न्’ अजिबात नाही, स्वरच नाकातून येतो. त्यांच्या पिढीला हे समजावणे सोपे गेले. मराठीचे नवे लेखननियम 1962 साली आले आणि न उच्चारले जाणारे अनुस्वार लेखनातून गेले. त्याआधी पहिल्या इयत्तांत ते ‘नाहीं’, ‘कां’ असे लिहायला शिकले होते, आणि कोकणातल्या त्यांच्या आजीच्या तोंडी तो नाकातला स्वर खरोखर असे. गोव्याच्या कोंकणीत ‘हांव’ म्हणताना आजही तो येतोच. आजीचा ‘नाहीं’ आठवा आणि मग ‘द्’वर जीभ टेकवा, असे मी सांगितले. दोन-चार प्रयत्नांत जमले. ‘आ-तांद्’ या एका शब्दात गंमतही आहे. कागदावर त्यात ‘ई-एन’ दोनदा येते. पहिल्यांदा ते ऐकू येते, दुसऱ्यांदा ते मुके.

आता त्या भागाकडे येते जिथे सरांची वृत्तांची जाण कामी आली आणि जिथे तिने दगाही दिला. जोडाक्षरापूर्वीचे अक्षर गुरू होते, हे मराठी शाळेत शिकलेल्या कोणालाही आठवत असेल. त्यामागचे कारण असे, की जोडाक्षरातले पहिले व्यंजन उच्चारात मागच्या अक्षराला जाऊन ते बंद करते. ‘भक्ती’ लिहिताना ‘भ’ आणि ‘क्ती’, म्हणताना ‘भक्-ती’. रफार तर पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो, पण त्याचा आवाज मागच्याला मिळतो. ‘आपण निघतो’ हे फ्रेंच रूप देवनागरीत ‘पार्तों’ असे लिहिले तरी त्याची तोड ‘पार्-तों’ हीच आहे, आणि सरांना ती सांगावी लागली नाही. पण ‘तुम्ही विसरता’ हे रूप आले आणि त्यांनी त्याच नियमाने ‘उब्-लि-ये’ म्हटले. फ्रेंचमध्ये ‘ब’ आणि ‘ल’ यांची जोडी फुटत नाही, ती अख्खी पुढच्या अक्षरात जाते: ‘ऊ-ब्लि-ये’. पहिले अक्षर मोकळे राहते. पत्र, चक्र, विप्र यांचे पहिले अक्षर गुरू मानणाऱ्या कानाला हे रुचायला वेळ लागला. याच जोडीमुळे आणखी एक फरक पडतो. ‘आपण बोलत होतो’ याची अक्षरे दोन, ‘पार्-ल्यों’. पण ‘आपल्याला आवडेल’ अशा अर्थाच्या ‘व्हू-द्रि-यों’ची तीन, कारण ‘द्र’च्या मागे आणखी ‘य’ एका दमात बसत नाही आणि ‘इ’ला स्वतःचे अक्षर घ्यावे लागते. सर ही अक्षरे बोटांच्या पेरांवर मोजत, मात्रा मोजतात तशी, आणि पेरे चुकली की स्वतःच थांबत.

सर्वांत समाधान मिळाले ते मधल्या ‘ई’च्या बाबतीत. ‘खरेदी करणे’ या क्रियापदाचे ‘तुम्ही’चे रूप ते ‘आ-शे-ते’ असे वाचीत. बोलण्यात ते ‘आश्-ते’ होते. मधला ‘ई’ गळतो. पण ‘मी खरेदी करतो’ म्हणताना तोच ‘ई’ ठसठशीत उभा राहतो: ‘आ-शेत्’. हा लपंडाव समजावताना मी ‘करतो’चे उदाहरण दिले, जे आपण ‘कर्-तो’ म्हणतो. त्यांनी त्याहून नेमके उदाहरण काढले. ‘दार उघड’ म्हणताना ‘घ’मधला ‘अ’ ऐकू येतो, ‘उ-घड्’. ‘दार उघडू नको’ म्हणताना तोच ‘अ’ नाहीसा होतो, ‘उघ्-डू’. शेवटी स्वर आला की मधला स्वर गळतो, शेवटी व्यंजन उरले की मधला टिकतो. ‘आ-शेत्’ आणि ‘आश्-तों’ यांचे नाते हुबेहूब हेच आहे. वीस वर्षे मी फ्रेंच शिकवते आहे. हे उदाहरण मला सुचले नव्हते, आणि तेव्हापासून प्रत्येक तुकडीत मी ते वापरते.

फरक इतकाच, की मराठी लेखन या बदलाची दखल घेत नाही, तर फ्रेंच घेते. अक्षर बंद झाले की त्या ‘ई’वर डावीकडून उतरणारी मात्रा चढते, किंवा ‘हाक मारणे’, ‘फेकणे’ अशा क्रियापदांत पुढचे व्यंजन दुप्पट होते. 6 डिसेंबर 1990 रोजी फ्रान्सच्या राजपत्रात ज्या लेखनसुधारणा प्रसिद्ध झाल्या, त्यांत ‘सोडून देणे’ अशा अर्थाच्या क्रियापदाच्या भविष्यकाळी रूपातली मात्रा बदलण्याची सूचना आहे, ती याच कारणाने. मधला ‘ई’ गळून आधीचे अक्षर बंद होते, म्हणून मात्राही बंद अक्षराचीच हवी. जुने आणि नवे दोन्ही लेखन ग्राह्य आहे, आणि दोन्ही छापलेले दिसते.

‘ई’ हवा तिथे गाळता येत नाही, हेही सांगावे लागले. मोरिस ग्रामों या फ्रेंच ध्वनिशास्त्रज्ञाच्या नावाशी जोडलेला नियम असा, की गाळल्याने तीन व्यंजने एकापुढे एक येणार असतील तर तो टिकतो. म्हणून ‘तुम्ही गाल’ हे ‘शां-त्रे’ असे दोन अक्षरांत आटोपते, पण ‘तुम्ही बोलाल’ याला ‘पार्-ल-रे’ अशी तीन लागतात. नियमाला फाटे आहेत. या पायरीवर मी त्यांत शिरले नाही.

जुलैच्या आरंभी, निघण्याच्या पंधरा दिवस आधी, सर एक हरकत घेऊन आले. फ्रान्सचे राष्ट्रगीत त्यांनी ऐकले होते. 1792 साली स्ट्रासबूर्गमध्ये रुजे द लील यांनी रचलेल्या त्या गीतात ‘ते येतात’ हे क्रियापद आहे, आणि बोलण्यात एका अक्षराचे असलेले ते ‘व्हियेन्’ गाण्यात स्पष्टपणे ‘व्हिये-न’ असे दोन अक्षरांत म्हटले जाते. “मॅडम, तुम्ही माझ्याकडून पाय मोडून घेतलेत आणि हे लोक तर जोडून गातात.” हरकत रास्त होती. ती ओळ आठ अक्षरांची आहे, आणि व्यंजनापूर्वी आलेला मुका ‘ई’ फ्रेंच पद्यात मोजला जातो. तो सोडला तर ओळ सातावर येते. श्लोक म्हणताना ‘राम’ची आपण दोन अक्षरे मोजतो आणि हाक मारताना एकच उच्चारतो, एवढे म्हटल्यावर त्यांना पुढचे सांगावे लागले नाही. तेव्हा वहीत चौथा रकाना आला: ‘पद्यात’.

दोन महिन्यांनी तुलूझहून त्यांचा फोन आला, तेव्हा मी न सांगितलेली गोष्ट त्यांनी कानाने शोधली होती. तुलूझ दक्षिण फ्रान्समध्ये आहे, आणि तिकडच्या पारंपरिक बोलण्यात शब्दाच्या शेवटचा मुका ‘ई’ मुका नसतो. ‘पार्ल्’ तिथे ‘पार्-ल’ होते, ‘प्रेन्’ ‘प्रे-न’ होते. नाकातल्या स्वरामागे तिथे पुष्कळदा एक अनुनासिक व्यंजनही डोकावते, म्हणजे ‘आतान्द’ तिथल्या वयस्कर शेजाऱ्याच्या तोंडी चालून जाईल. हे मला ठाऊक होते. ते कुठे चालले आहेत हेही ठाऊक होते, पण प्रमाण उच्चार आधी बसावा म्हणून मी ते मागे ठेवले आणि मागेच राहिले. त्यांच्या पहिल्या तीन चुकांपैकी दोन त्या गावात चुका नव्हत्या. क्रियापदाच्या शेवटचे ‘आं’ तेवढे कुठेच चालत नाही, आणि ते गेले होते.

मुलीच्या तरुण सहकाऱ्यांचे बोलणे मात्र बरेचसे पॅरिसच्या वळणाचे आहे आणि त्यांचे पाय मोडलेलेच असतात, असेही ते म्हणाले. शेजारच्या आजोबांशी बोलताना अक्षर आपोआप वाढते, जावयाच्या मित्रांशी बोलताना कमी होते. मग त्यांनी विचारले, लाल शाई खोडायची का. मी नको म्हटले. पाचव्या रकान्याला पानावर जागा उरली नव्हती, म्हणून त्यांनी वही आडवी धरून समासात ‘तुलूझ’ असे लिहिले आहे.